देवांच्या दारी चौथीचा वर्ग

आमगाव, १७ जानेवारी १९३७

ती. सौ. बाईस,

जागेश्वर पाया पडतो. भाऊजींनाही नमस्कार.

तुझा धाकटा भाऊ आता नुसता प्राथमिक शाळेचा हेडमास्तर राहिलेला नाही. तो शिक्षणतज्ज्ञ झाला आहे, आणि ही बातमी त्याने स्वतःच तुला कळवावी लागते, कारण दुसऱ्या कोणाला ती अजून ठाऊक नाही.

झालं असं की डिसेंबरात डेप्युटी इन्स्पेक्टर साहेब तपासणीला आले. त्यांनी चौथीच्या वर्गाला विचारलं, मुसलमान लोक देवाला कसे भजतात. शेवटी मनिराम उठला आणि म्हणाला, टोपी घालून. साहेब हसले. निघताना मला म्हणाले, पटले मास्तर, नुसतं पुस्तक कशाला वाचून घेता, मुलांना चार ठिकाणी फिरवून आणा. गाडीला उशीर होता म्हणून वेळ घालवायला ते एवढं बोलले असावेत. मी मात्र ते मनावर घेतलं. त्याच संध्याकाळी वही शिवली, तिच्यावर 'बालकांसाठी सर्वधर्मपरिचय' असं ठळक लिहिलं, खाली माझं नाव घातलं आणि आठ दिवसांत तीस पानं भरली. मशिदीत किंवा गिरजाघरात मी तोवर एकदाही पाऊल ठेवलेलं नव्हतं. त्यामुळे लिहिताना कुठेच अडलो नाही.

गेल्या शनिवारी अकरा मुलांना घेऊन सकाळच्या पॅसेंजरने गोंदियाला गेलो. साहेबांच्या पुढच्या भेटीसाठी घेतलेले नवे बूट घातले होते. ते टाचेला चावत होते, पण शिक्षणतज्ज्ञ लंगडत नाहीत, म्हणून सरळ चाललो.

मशिदीच्या अंगणात मी मुलांना ओळीत उभं केलं, हात लांब केला आणि सांगितलं, हे लोक पश्चिमेकडे, म्हणजे या दिशेला, तोंड करून नमाज पढतात. मौलवीसाहेब बाजूलाच उभे होते. वयस्कर, शांत माणूस. माझं सगळं बोलून होऊ दिलं आणि मग हळूच म्हणाले, "मास्टरजी, वो तो उत्तर है." मुलांनी वहीत दिशा खोडून पुन्हा लिहिली. मग त्यांनी हौदावर हातपाय कसे धुवायचे ते दाखवलं. मनिरामला ते इतकं पटलं की त्याने भर थंडीत मानेपर्यंत धुतलं आणि पुढचा सगळा वेळ दात वाजवत धर्म समजून घेतला.

आमच्या वर्गातला उदाराम तुला माहीत नसेल. महारटोलीतल्या दुधराम मेश्रामांचा मुलगा, विणकराचा. वर्गात पहिला तोच. (माझ्या शाळेत सगळी मुलं एकाच सतरंजीवर बसतात. हे मी साहेबांना दोनदा सांगितलं, तुला तिसऱ्यांदा सांगतो.) त्याने मौलवीसाहेबांना विचारलं, देव दिसतच नाही तर नमस्कार कोणाले करायचा. ते म्हणाले, "जो देख रहा है, उसको." गाडीत परतताना तो ते वाक्य किती वेळ घोकत होता.

गिरजाघर रेल्वेच्या वसाहतीत आहे. तिथल्या गोऱ्या पाद्रीसाहेबांसाठी मी एक इंग्रजी वाक्य पाठ करून नेलं होतं, चांगलं तीन ओळींचं. त्यांनी ते लक्ष देऊन ऐकलं आणि अस्सल छत्तीसगढीत विचारलं की लइका मन, म्हणजे ही मुलं, सकाळपासून काही खाऊन आहेत का. बारा वर्षं रायपूरकडे काढली आहेत म्हणे. माझ्या इंग्रजीला उत्तर म्हणून त्यांनी मुलांना बोरं दिली.

पुढच्या आठवड्यात आपल्या गावचं राममंदिर. ते घरचंच असल्यामुळे त्यावर वहीत दहा पानं आहेत.

तुझा
जागेश्वर

•

देवरी, २४ जानेवारी

जागेश्वरा, आशीर्वाद.

पत्र वाचून हसली. तुझ्या भाऊजीले वाचून दाखवलं. उत्तर-पश्चिम ऐकून ते बी हसले. मंग गिरजाघराचं आलं तं त्यांनी विचारलं, पोट्ट्यांनी तिथं खाल्लं का? मी म्हटलं बोरं होती, बोराले कोणता धर्म रायते. ते उठून आपल्या ठेक्याच्या मोहफुलांच्या गोण्या पाहाले गेले.

तू जरा सांभाळून. आमच्या सासरचं मूळ घर आमगावलेच आहे, मंदिराचे पंच आमच्याच घरचे. तिथं कोणी शिंकलं तं देवरीले ऐकू येते. तू चांगलंच करून राहिला, मी नाई म्हणत नाई. पण तुले लहानपणापासून शाबासकीची लई हौस. बाबा एकदा चांगलं म्हणाले तं तू आठ दिवस विहिरीचं पाणी भरलं होतं, नवव्या दिवशी कोणी काही म्हटलं नाई तं सोडून देलं.

बुटात कापूस घालजो. मंदिरात काय झालं ते लिहिजो.

शामकला

•

आमगाव, २ फेब्रुवारी

ती. सौ. बाईस,

पाया पडतो.

मंदिराची भेट गेल्या शनिवारी पार पडली. फारच उत्तम झाली. पुजारीबाबांनी मुलांना गाभाऱ्यासमोर बसू दिलं. मी राम, लक्ष्मण, सीता यांची माहिती दिली, मग देव सर्वांच्या ठायी कसा एकच आहे हे पंधरा मिनिटं समजावलं. आवाज चांगला लागला होता. घुमटामुळे असेल. दोन पंच येऊन मागे उभे राहिले होते, त्यांनीही ऐकलं. तुझे चुलतसासरे माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, मास्तर, हे बरं केलं, त्या दोन ठिकाणांचा दोष गेला.

उदारामने बाहेर चपला राखल्या. तो जबाबदार मुलगा आहे, असं काम त्याला आवडतं.

प्रसादाला केळी होती. थंडी अजून आहे. शाळेच्या कौलांची दुरुस्ती मंजूर होईल असं वाटतं. वहीची शुद्ध प्रत करायला घेतली आहे, ती डेप्युटी साहेबांकडे पाठवीन.

भाऊजींना नमस्कार.

जागेश्वर

•

देवरी, ८ फेब्रुवारी

जागेश्वरा,

पत्र दोनदा वाचलं. मले काही समजलं नाई म्हणून विचारते.

आमगावच्या पोट्ट्यांच्या पायात चपला कवा आल्या? मी तिथं लहानाची मोठी झाली. लगीन होईपावतर माझ्या पायात चपला नोयत्या, तुझ्या बी नोयत्या. तुझ्या शाळेतली अकरा पोट्टी एकाएकी चपला घालून राहिली असतील तं चांगली गोष्ट आहे.

अना नसतील घालत, तं तिथं चपला कोणाच्या होत्या?

मशिदीत तुझे बूट कोणं राखले ते तू लिहिलं नाई. गिरजाघरात कोणं राखले ते बी नाई.

शामकला

•

आमगाव, २७ फेब्रुवारी

बाई,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला अठरा दिवस लावले. मधे तीन पत्रं लिहिली आणि फाडली. पहिल्यात मी तुझ्यावर रागावलो होतो, दुसऱ्यात पंचांवर, तिसऱ्यात एकंदर समाजावर. तिसरं फारच सुंदर उतरलं होतं, म्हणून ते आधी फाडलं.

चपला नव्हत्या. माझे बूट होते. अकरा मुलं अनवाणी आणि एक मास्तर नव्या बुटात, असे आम्ही मंदिरापाशी पोचलो.

मला माहीत नव्हतं असं लिहिता आलं असतं. पण शाळेतून निघतानाच मला माहीत होतं. आदल्या दिवशी पुजारीबाबांशी बोलायचं मी टाळलं, कारण बोललो असतो तर ते नाही म्हणाले असते, आणि मग मला काहीतरी ठरवावं लागलं असतं. मला वाटलं, गर्दीत कोणाचं लक्ष जाणार नाही. अकरा मुलांची कसली गर्दी.

पुजारीबाबा दारात उभे होते. त्यांनी उदारामकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बोलले काहीच नाहीत. त्यांनी अडवलं असतं तर आज मी त्यांना चार शब्द सुनावू शकलो असतो. पण त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच म्हणालो, "उदाराम, तू माझे बूट राख." अगदी सहज म्हणालो. त्याने पायरीखाली जाऊन बूट जुळवून ठेवले आणि शेजारी बसला. आत जाऊन मी देव सर्वांच्या ठायी एकच आहे हे सांगितलं. आवाज चांगला लागला होता हे मी तुला लिहिलंच आहे. बाहेर पायरीपर्यंत सगळं ऐकू गेलं असणार.

सोमवारपासून उदाराम शाळेत आला नाही. मी हजेरीपुस्तकात 'ताप' लिहिलं. कोणी मला सांगितलेलं नव्हतं, मीच ठरवलं की ताप असेल. रोज तोच ताप लिहीत गेलो. मग तुझं पत्र आलं, आणि तरी मी पंधरा दिवस तो ताप चालू ठेवला.

परवा त्याच्या घरी गेलो. दुधराम मागावर बसले होते. त्यांनी हात थांबवला, उठले नाहीत. मी वाटेत चांगलं भाषण जुळवलं होतं. त्यांच्यासमोर उभं राहिल्यावर तोंडातून निघालं ते एवढंच की परीक्षा जवळ आली आहे.

ते म्हणाले की मुलगा आजारी नाही, तो म्हणतो शाळेत शिकायचं राहिलं होतं ते शिकून झालं. मग त्यांनी विचारलं, "मास्तर, तुमी परीक्षेसाठी आले का कायसाठी?"

मी म्हणालो, माफी मागायला.

"मंग मले कायले सांगता? तो आत आहे."

दार बुटकं आहे, वाकून जावं लागलं. उदाराम जमिनीवर बसून मागासाठी सुताच्या कांड्या भरत होता. त्याने वर पाहिलं नाही. मी म्हणालो, माझं चुकलं. त्याचा हात चालूच होता. हातातली कांडी भरून झाल्यावर त्याने विचारलं, "मास्तर, पुजारीबाबानं तं काईच म्हटलं नोयतं. मंग तुमाले कोणं सांगितलं?"

मी म्हणालो, कोणी नाही.

गणिताचं उत्तर मागच्या पानाशी जुळलं की तो जशी मान हलवतो तशी त्याने हलवली, आणि पुढची कांडी घेतली.

तो शाळेत येईल असं वाटत नाही. एप्रिलात चौथीची परीक्षा आहे. बसला तर तो केंद्रात पहिला येईल, नाही बसला तर जन्मभर मागावर बसेल, आणि ते केवळ माझ्या बुटांपायी. काय करू ते सुचत नाही. ती तीस पानांची वही समोर पडली आहे. तिच्यात या प्रश्नावर काहीच नाही.

जागेश्वर

•

देवरी, १० मार्च

जागेश्वरा, आशीर्वाद.

तू खरं लिहिलं ते बरं केलं. आता रडत बसू नको. तुझं रडणं बी तुलेच लई आवडते, हे मले माहीत आहे.

पोट्ट्याले शाळेत बोलावून कायले राहिला? तो नाई येत तं तू जा. शाळा सुटली का रोज त्याच्या घरी जाऊन शिकवजो. लोक पाहतील तं पाहू दे. तू मंदिरात जातानी पाहतच होते ना.

अना एक विचारते. मुसलमानाचा देव पाहिला, साहेबाचा पाहिला, आपला पाहिला. त्या पोट्ट्याच्या घरी कोणता देव आहे ते तुझ्या वहीत आहे का?

इथं तुझे भाऊजी कामात आहेत. आमगावची माणसं येऊन जाऊन राहिली. बाकी सगळं ठीक.

शामकला

•

आमगाव, ४ एप्रिल

ती. सौ. बाईस,

पाया पडतो.

वहीत नव्हतं. चार वर्षं मुलगा माझ्या शाळेत, आणि त्याच्या घरी कोणाची भक्ती चालते हे मी विचारलं नव्हतं. विचारल्यावर कळलं, ती माणसं कबीरपंथी आहेत. दर रविवारी दुपारी दुधरामांच्या अंगणात भजन असतं. मंदिरापासून अंगणापर्यंत चालत सहा मिनिटं लागतात. मी गोंदियापर्यंत जाऊन आलो होतो.

रोज संध्याकाळी जाऊ लागलो. पहिले आठ दिवस उदाराम माझ्याशी फक्त गणितापुरतं बोलला. मी शिकवायचो, तो उत्तर द्यायचा, आणि मधे मागाचा खटखट आवाज. नवव्या दिवशी मी काहीतरी मोठं समजावत असताना तो म्हणाला की मास्तर, तुमची तिसरी पायरी चुकली. खरंच चुकली होती. त्या दिवशी मी फार आनंदात घरी आलो.

मग मी दुधरामांना विचारलं की वर्गातल्या मुलांना एकदा भजनाला आणू का. त्यांनी विचार केला. म्हणाले, आणा, पण समजावून उदाराम सांगेल, तुमी बसाचं. मी कबूल केलं. घरोघरी जाऊन विचारलं. दहांपैकी चार मुलांना परवानगी मिळाली. मनिरामला नव्हती, तरी तो आला.

गेल्या रविवारी आम्ही गेलो. उदाराम पुढे उभा राहिला. मी अर्धा तास घेतला असता. त्याने सांगितलं, "इथं मूर्ती नाई. गाणं आहे. ज्याले येते त्यानं म्हणावं, नाई येत त्यानं टाळ वाजवावे." आणि त्याने टाळ माझ्या हातात दिले. बाई, मी दोन तास टाळ वाजवले आणि एकदाही ठेक्यात पडलो नाही. एक म्हातारबुवा शेजारी बसले होते, त्यांनी शेवटी माझं मनगट धरलं आणि तेच हलवत राहिले. मुलं इतकी हसली की भजन थांबवावं लागलं. उदारामही हसला. दोन महिन्यांनी.

नंतर सगळ्यांना गुळाचं पाणी दिलं. मी प्यालो. पिताना घोट घशाशी क्षणभर थांबला, हे तुला लिहितो, कारण न लिहावं असं फार वाटतं आहे. मग गिळला. पाणी चांगलं गोड होतं.

मंगळवारी उदाराम शाळेत येऊन सतरंजीवर बसला. मी हजेरीपुस्तकात 'हजर' लिहिलं.

बुधवारी भंडाऱ्याहून डिस्ट्रिक्ट कौन्सिलचा कागद आला. माझ्याविरुद्ध गावकऱ्यांचा अर्ज गेला आहे. मी मुलांना मशिदीत आणि गिरजाघरात नेऊन बाटवलं, महारटोलीत खाऊपिऊ घातलं, असं त्यात आहे. डेप्युटी साहेब चौकशीला येऊन गेले. मी त्यांना त्यांच्याच शब्दांची आठवण करून दिली. ते म्हणाले, पटले मास्तर, मी सहल म्हणालो होतो, नदीकाठी नेता आलं असतं. आता बदली होईल किंवा त्याहून वाईट. अर्जावर पाच सह्या आहेत, मला दाखवल्या नाहीत. परीक्षा बारा तारखेला आहे, तोवर मला हलवू नका एवढी विनंती केली आहे.

तुला काही कानावर आलं आहे का?

जागेश्वर

•

देवरी, १२ एप्रिल

जागेश्वरा,

आज त्या पोट्ट्याची परीक्षा. सकाळपासून तेच डोक्यात आहे.

तू विचारलं काही कानावर आलं का. कानावर नाई, डोळ्यांनी पाहिलं. अर्जावरची तिसरी सही तुझ्या भाऊजीची आहे.

मार्चात आमगावहून त्यांचे काका आले, तं हा कागद घेऊनच आले. पहिला अर्ज मशिदीचाच होता, महारटोलीचं मागून जोडलं. बैठकीत बसले, मले हाक मारली, दौत आण म्हणाले. मी दारातून सगळं ऐकलं होतं. कागदावर तुझं नाव आहे हे मले माहीत होतं. मी दौत नेऊन देली. टाक बी देला. सही वाळेपावतर तिथंच उभी राहिली अना मंग चहा केला.

त्याच्यानंतर दोन दिवसांनी तुले पत्र लिहिलं, लोक पाहतील तं पाहू दे म्हणून. सगळं ठीक आहे असं बी लिहिलं. तुले बुटावरून एवढं बोलणारी मी. तुले कोणं सांगितलं होतं हे त्या पोट्ट्यानं विचारलं ना, तं मी ते पुन्हा काढून वाचलं अना चुलीपाशी जाऊन बसली. मले बी कोणी सांगितलं नोयतं. दौत सांडली असती तरी चाललं असतं.

काल त्यांना म्हटलं, माझ्या भावाची नोकरी गेली तं तो इथंच राहाले येईल, अना रोज जेवतानी तुमाले धर्माची माहिती देईल, तीस पानं आहेत. ते पहिल्यांदा हसले. आज सकाळी भंडाऱ्याले माणूस पाठवला. माझी सही मागे घेतो असं लिहून देलं. बाकीच्या चौघांची तशीच आहे, तवा तुझं काय होईल ते मले माहीत नाई. पण त्या कागदावर आता या देवरीच्या घरचं कोणी नाई.

दौत मी या खेपेले बी देली.

शामकला

•

दरेकसा, १७ फेब्रुवारी १९३८

ती. सौ. बाईस,

पाया पडतो. भाऊजींना नमस्कार सांग, मनापासून सांगतो आहे. दिवाळीला ते स्टेशनवर मला न्यायला आले आणि वाटभर फक्त लाखेच्या भावाबद्दल बोलले, ते मला फार आवडलं.

इथल्या शाळेला सात महिने झाले. नोकरी राहिली, शाळा गेली, आणि कौन्सिलने मला अशा जागी टाकलं जिथे मला कुठेच कोणाला नेता येणार नाही असं त्यांना वाटलं असावं. एक झोपडी, चौदा मुलं, सगळी गोंडांची. त्यांना मराठी थोडी येते, मला गोंडी त्याहून थोडी. पहिला महिना मी 'पाणी' समजून भलताच शब्द वापरत होतो. मुलं रोज मला मान देऊन मीठ आणून द्यायची.

उदारामची तुला काळजी असते म्हणून लिहितो. केंद्रात पहिला आला हे कळवलंच होतं. आता गोंदियाला रेल्वेच्या शेडमध्ये काम करणाऱ्या मामाकडे राहून पुढे शिकतो. मागच्या महिन्यात गोंदियाच्या स्टेशनवर भेटला. उंच झाला आहे. इंग्रजीचं पुस्तक दाखवलं, माझे दोन उच्चार सुधारले. निघताना हात जोडून नमस्कार केला, पाया पडला नाही. मला ते बरं वाटलं. मला माफ केलं की नाही ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्याला शिष्य म्हणून हो म्हणावं लागलं असतं, आणि मी ते घरी आणून तुला लिहिलं असतं.

इथे आल्यावर मी ठरवलं होतं की आता देवधर्म शिकवायचा नाही. पाढे, बाराखडी आणि शाळेपुढे भाजीचा वाफा, बस. वहीची कोरी पानं मुलांना कित्त्यासाठी फाडून दिली. पण रविवारी शाळेजवळून जाताना फुलवंता नावाची आठ वर्षांची मुलगी सांगून गेली की उद्या शाळेत कोणी येणार नाही. माघाची पुनव. सगळे डोंगरावर जाणार, कचारगडच्या गुहेत त्यांचे देव आहेत. मग थोडं पुढे जाऊन ती वळली आणि विचारलं, तुमी येता का.

मी रात्रभर विचार केला असं लिहिणार होतो, पण झोप लागली. सकाळी उठून निघालो. पायात काही घातलं नाही. तो मोठेपणा नव्हता, बुटांत विंचू सापडला होता.

गावच निघालं होतं. डोक्यावर तांदळाच्या टोपल्या, काखेत कोंबड्या, पाठीला मुलं. ढोल पुढे. मी मुद्दाम सगळ्यांच्या मागे चालत होतो. नाल्यातून, दगडांवरून, वर वर. कोणाला काही समजावून सांगायचं नसलं की माणसाला किती दिसतं बाई. पळस फुलायला लागला आहे. फुलवंता दर थोड्या वेळाने मागे येऊन मी आहे का ते बघून जात होती.

गुहेचं तोंड दिसलं तिथे एक ऐनाचं झाड आहे. मोठं, जुनं. लोक तिथे क्षणभर टेकत, मग आत जात. मी थांबलो. मनाशी सगळं ठरवून आलो होतो. हा त्यांचा देव, मी परका, वर त्यांच्यातल्या कित्येकांना मोहफुलं वेचायला राबवणाऱ्या ठेकेदाराचा मेहुणा. मला बाहेर बसायला सांगतील आणि मी निमूट बसेन. उदाराम जसा बसला तसा. खरं सांगायचं तर मी थोडा त्यासाठीच आलो होतो. बसलो असतो तर माझं काहीतरी फिटलं असतं, आणि तुला लिहायला एक चांगलं पत्र झालं असतं.

फुलवंताचा आजा, बिसराम कुंभरे, हाच सगळ्यांत म्हातारा, तोच पुढे. मी त्याच्यापाशी गेलो आणि हात जोडून विचारलं, "बाबा, मी कुठं थांबू?"

त्याला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. त्याने फुलवंताकडे पाहिलं. तिने गोंडीत काहीतरी सांगितलं, तरी त्याच्या कपाळावरची आठी गेली नाही. मास्तर असं का विचारतो आहे, हे त्याला उमगेना. त्याने माझ्या तोंडाकडे, मग माझ्या पायांकडे पाहिलं. तिथे रक्त आलेलं होतं. तेव्हा कुठे त्याला माझ्या प्रश्नाचा अर्थ लागला असं वाटलं.

"दमला का? दमला तं बस इथं झाडाखाली. नाई तं चाल, सगळे जाऊन राहिले."

एवढं बोलून तो आत गेला. मागून येणाऱ्या एका बाईने मला वाटेतून सरकायला सांगितलं, तिच्या डोक्यावर ओझं होतं.

मी दमलो नव्हतो, बाई. आत गेलो.

तुझा
जागेश्वर